दम्याचा पंप आणि लोकलज्जा

बहुतेक शाळांतून एखाद-दुसरा विद्यार्थी असा असतो कीं, त्याच्या दप्तराच्या आंतल्या कप्प्यांत दम्याचा लहानसा पंप दडविलेला असतो. 'दडविलेला' हा शब्द आम्हीं मुद्दामच योजिला आहे. चष्मा कोणी दडवीत नाहीं; पण धाप लागली म्हणजे हा विद्यार्थी पाणी पिण्याचें निमित्त करून वर्गाबाहेर जातो आणि जिन्याखालीं उभा राहून घाईघाईनें औषध ओढतो. मुलगी असली तर घरचीं वडील माणसें तिला आधींच बजावून ठेवितात, "चारचौघांत काढूं नकोस हो, उद्यां स्थळें यावयाचीं आहेत." इकडे हैदराबादेस मृगाच्या आरंभीं, दमा जावा म्हणून तोंडांत औषध भरलेला जिवंत मासा गिळण्यास हजारों लोक उघड्यावर रांगा लावितात, आणि तेथें कोणी तोंड लपवीत नाहीं! लाज काय ती शास्त्रशुद्ध उपचाराची. ही लाज प्राणावर बेतूं शकते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पंपाची संवय लागते आणि तो अगदीं शेवटचा उपाय आहे, हे दोन आक्षेप आम्ही नेहमीं ऐकतों. दम्यांत श्वासनलिका आंतून सुजतात, भोंवतालचे स्नायू आवळतात व हवेची वाट अरुंद होते. औषध नेमकें तेथेंच पोंचवावें, एवढीच पंपाची युक्ति. साल्ब्युटामॉल ह्या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंप एकदां दाबला कीं तेंच औषध अवघें १०० मायक्रोग्रॅम बाहेर पडतें. म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका गोळींत पंपाच्या चाळीस दाबांचें औषध झालें! गोळी पोटांतून रक्तांत आणि रक्तांतून सर्वांगांत हिंडते. हात कांपतात, छाती धडधडते, आणि गुण यावयास वेळ लागतो तो निराळाच. पंपाचा गुण कांहीं मिनिटांत येतो. "पंप नको, गोळीच द्या," म्हणून जे आईबाप डॉक्टरांस गळ घालतात, त्यांनीं हें गणित एकदां पाटीवर मांडून पाहावें. संवयीचें म्हणाल, तर औषध रोज घ्यावें लागतें तें दमा जुनाट आहे म्हणून. औषधाचें व्यसन जडतें म्हणून नव्हे.

श्वासावाटे औषध घेणें ही कांहीं परकी टूमही नव्हे. श्वासरोगावर औषधी धूम चरकसंहितेंत सांगितला आहे, आणि दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढण्याचा इकडचा प्रघात १८०२ सालीं मद्रासेहून इंग्लंडांत गेला. (धूर आतां कोणीं ओढूं नये, त्यानें लाभापेक्षां हानि अधिक.) आजचा दाबण्याचा पंप १९५६ सालीं अमेरिकेंत विक्रीस आला. त्याचें मूळ एका शाळकरी मुलीच्या प्रश्नांत आहे. जॉर्ज मेसन हे एका औषधी कंपनीचे प्रमुख. त्यांच्या दमेकरी मुलीनें त्यांस विचारलें कीं, केसांवर फवारण्याच्या डब्यासारखें माझें औषध कां मिळूं नये?

आतां जे लोक भीड सोडून पंप वापरतात, त्यांच्याकडे वळूं. पंप दोन जातींचे असतात. एक आवळलेली नलिका तात्पुरती सैल करतो. त्याचें आवरण बहुधा निळें असतें. दुसरा स्टेरॉइडचा, तो आंतली सूज हळूहळू उतरवितो, आणि त्याचा पुरता गुण दिसावयास दिवस किंवा आठवडे जातात. पहिल्यानें लगेच बरें वाटतें म्हणून तो लाडका. दुसऱ्यानें तत्काळ कांहींच वाटत नाहीं म्हणून तो फळीवर धूळ खात पडतो. घात होतो तो येथेंच. दम्यावरील जागतिक मार्गदर्शिकेनें २०१९ सालापासून सांगितलें आहे कीं, बारा वर्षें व त्यापुढील वयाच्या रोग्यांस केवळ निळ्या पंपावर ठेवूं नये. सूज उतरविणारें औषध पाहिजेच. स्टेरॉइड ह्या नांवानेंच पुष्कळांस धडकी भरते. परंतु येथें मात्रा मायक्रोग्रॅमांत असते, आणि औषध घेतल्यावर चूळ भरून टाकिली म्हणजे तोंड येण्याचें भयही बरेंच कमी होतें. चुलीच्या धुरानें किंवा विडीनें फुप्फुसें कायमचीं निकामी होत चाललेल्या वृद्धांचे पंप पुष्कळदां निराळे असतात. आजीचा पंप नातवानें परस्पर ओढूं नये.

तोंडांत पंप धरून नुसता दाबला, तर औषध घशावर आदळून तेथेंच राहतें. आधीं तो हलवावा, श्वास पुरता सोडावा, ओठ घट्ट मिटावे, सावकाश श्वास घेऊं लागतांच कळ दाबावी, आणि मग दहा अंक मोजीपर्यंत श्वास रोखावा. हा मेळ मोठ्यांसही चटकन् साधत नाहीं. म्हणून मध्यें स्पेसर नांवाची पोकळ नळी लावितात. ती विकत घेण्याची ऐपत नसली तरी निराश होण्याचें कारण नाहीं. अर्धा लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढें भोंक पाडून व फट बुजवून केलेला स्पेसर दम्याच्या झटक्यांत मुलांस विकतच्याइतकाच उपयोगी पडतो, असें केपटाउन येथील डॉक्टरांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें. पंपांत भुकटीची कॅपसूल घालावयाची असेल तर मात्र श्वास सावकाश न घेता जोरानें ओढावा लागतो. हा भेद औषध देतांना कोणी समजावून सांगत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

आणखी एक तक्रार शाळांविषयीं. कित्येक ठिकाणीं शिस्तीच्या नांवाखालीं मुलाचा पंप काढून घेऊन कार्यालयाच्या कपाटांत ठेवितात. कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाच्या कमरेला, आणि शिपाई टपालांत गेलेला! ब्रिटनमध्यें १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांस आणीबाणीसाठीं निळा पंप स्वतः बाळगण्याची कायद्यानें मुभा आहे. आमची मागणी याहून लहान आहे. दमेकरी विद्यार्थ्याचा पंप त्याच्याच खिशांत असूं द्यावा. झटका आल्यास त्यास आडवें न निजवितां ताठ बसवावें, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावें. आणि डॉक्टरांच्या संमतीनें व्यायामशिक्षकांच्या पेटींत आयोडीन व मलमपट्टीच्या शेजारीं एक पंप आणि एक स्पेसर ठेवावा.