अक्कलदाढ आणि ‘मागच्या वेळची गोळी’

“डॉक्टर, दाढ ठणकते आहे. मागच्या वेळची तीच गोळी लिहून द्या.” सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत हे वाक्य मला हमखास ऐकू येते. रुग्ण विशी-पंचविशीतला, गाल सुजलेला, तोंड जेमतेम दोन बोटे उघडणारे. मी फिजिशियन, दातांचा डॉक्टर नाही. तरी तो माझ्याकडे येतो, कारण कामाचा दिवस मोडायचा नसतो आणि दाढ काढायची भीती असते.

कबूल करतो, बरीच वर्षे मीही अँटिबायोटिक आणि वेदनाशामक लिहून मोकळा होत असे. आता पहिल्याच वेळी दंतवैद्याकडे पाठवतो आणि दुसऱ्या खेपेला नुसती चिठ्ठी देत नाही. रुग्ण नाराज होतात, होऊ देत.

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. तोवर जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी व्यापलेली असते. मग खालची दाढ तिरकी किंवा आडवी अडकते, अर्धीच वर येते आणि उरलेल्या भागावर हिरडीची टोपी राहते. त्या टोपीखाली अन्नाचे कण साचतात, ब्रश पोहोचत नाही, जंतू वाढतात. सुजलेल्या हिरडीवर वरची दाढ चावते, ते वेगळेच. गोळीने जंतू दबतात, सूज उतरते. पण टोपी आणि तिच्याखालची फट तशीच राहते. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. कधी कधी या भानगडीत शेजारची चांगली दाढही किडते.

यापेक्षा वाईट म्हणजे पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरतो. 1836 साली लुडविग या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केलेला हा आजार आजही जीव घेऊ शकतो. हनुवटीखाली कडक सूज, ताप, गिळता न येणे, जीभ वर उचलली जाणे, श्वास कोंडणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठे रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर हे फार वेगाने घडते. दाढेसाठी आलेल्या तरुणाची साखर तपासली आणि मधुमेह तेव्हाच कळला, असेही होते.

मग प्रत्येकाने चारही दाढा काढाव्यात का? मुळीच नाही. सरळ आलेली, साफ ठेवता येणारी, न दुखणारी दाढ राहू द्या. ब्रिटनमध्ये तर 2000 सालीच, निरोगी अक्कलदाढ काढू नये अशी मार्गदर्शक सूचना निघाली.

वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज खोटा आहे. खरा धोका वेगळा: खालच्या दाढेजवळून ओठाच्या संवेदनेची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. बहुतेकदा तात्पुरता, क्वचित कायमचा. म्हणून आधी जबड्याचा एक्स-रे काढतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका; आधी आम्हाला विचारा. हाडे ठिसूळ होण्यावरचे इंजेक्शन घेतले असेल, तर तेही दंतवैद्याला आवर्जून सांगा.

आणि गुटखा. राज्यात 2012 पासून बंदी आहे, पाकिटे कुठे मिळतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अक्कलदाढेमुळे तोंड अचानक, दुखत दुखत आखडते. गुटख्याने आणि सुपारीने ते महिनोन्‌महिने हळूहळू आखडत जाते, तिखट झोंबते, आतून गाल पांढरट, ताठ लागतो. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. तिला दाढेचे दुखणे समजून गोळ्या खात बसू नका.

दाढ काढल्यावर निदान आठवडाभर तरी तंबाखू, विडी नको. पहिल्या दिवशी जोरात चूळही भरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असू शकते. अशा वेळी मेडिकलमधून गोळ्या वाढवून घेऊ नका. ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडेच परत जा.