आश्रिताचा कागद आणि माणसाचा हक्क

ज्या समाजाने आपले माणूसपण मान्य करून घेण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दाराशी अर्ज घेऊन उभे राहण्याचे दुःख भोगले, त्या समाजाला अर्जावर जगणाऱ्या माणसाची अवस्था समजावून सांगण्याची गरज पडू नये. परंतु दर हिवाळ्यात परळ भागात लोकरीचे स्वेटर मांडून बसणाऱ्या तिबेटी स्त्री-पुरुषांकडे आपण केवळ गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहतो, भाव करतो आणि पुढे जातो. हे लोक कोणत्या आधारावर या देशात राहतात, कोणत्या परवानगीने चार पैसे मिळवितात आणि ती परवानगी संपली तर त्यांचे काय होते, हा प्रश्न आपल्या मनाला फारसा शिवत नाही. नवदीक्षित कुटुंबांनी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करावा, यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

मार्च 1959 मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी कुटुंबे हिमालय ओलांडून आली. भारत सरकारने त्यांना आश्रय दिला, कर्नाटकात बैलकुप्पे येथे आणि अन्यत्र जमिनी देऊन वसाहती उभ्या केल्या. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, 1972 साली स्थापन झालेली नोरग्येलिंग ही वसाहत आहे. शेतीवर वर्षभर भागत नाही म्हणून देशातील अशा वसाहतींतील अनेक कुटुंबे लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून लोकरीचा माल उचलतात आणि थंडीच्या दिवसांत शहरोशहरी विकतात. साठ वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालू आहे. येथे जन्मलेली, येथील शाळांत शिकलेली त्यांची तिसरी पिढी आता कर्ती झाली आहे.

एवढ्या प्रदीर्घ वास्तव्यानंतरही यांतील बहुतेकांचा कायद्याच्या दृष्टीने दर्जा काय? ते परदेशी आहेत. त्यांच्याजवळ असते ते नोंदणी प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र कायमचे नाही. त्याचे नूतनीकरण करावे लागते. पूर्वी दर वर्षी दोनदा नाही तरी एकदा तरी त्यासाठी कचेरीत जावेच लागे. पुढे नियमात बसणाऱ्यांना पाच वर्षांची मुदत मिळू लागली. मूल सोळा वर्षांचे झाले की त्याच्या नावाचा निराळा कागद काढावा लागतो. नोंदलेला पत्ता सोडून ठरावीक दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर राहावयाचे तर कळवावे लागते. परदेशी जावयाचे तर पारपत्राऐवजी ओळखपत्राची निराळी वही मिळवावी लागते. स्वेटर विकण्यासाठी चार महिने परगावी राहणाऱ्या माणसाला यांतील प्रत्येक अट किती जाचक होत असेल, याची कल्पना करावी. एका मुदतीचा विसर पडला, एखादा कागद वेळेवर आला नाही, तर साठ वर्षांचे वास्तव्य एका दिवसात बेकायदेशीर ठरू शकते.

भारत सरकारने या लोकांशी निष्ठुरपणे वर्तन केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2014 साली केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. नोंदणी प्रमाणपत्र असणाऱ्यांना व्यवसाय करू द्यावा, त्यांना परवाने द्यावेत, शासकीय योजनांचा लाभ द्यावा, असे राज्यांना सांगितले. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशीयांविषयीचा नवा कायदा अंमलात आला आणि 1939 व 1946 चे जुने कायदे रद्द झाले. त्याबरोबर निघालेल्या आदेशाने नोंदणीकृत तिबेटी लोकांना पारपत्र आणि व्हिसा यांच्या अटीतून काही शर्तींवर सूट दिली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे आणि सूट म्हणजे हक्क नव्हे. ज्या लेखणीने आदेश निघतो, त्याच लेखणीने तो मागेही घेता येतो. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि निर्वासित कोणाला म्हणावे हे सांगणारा एकही कायदा आपल्या देशात नाही. त्यामुळे कोणाला ठेवावे, कोणाला काम करू द्यावे, हे प्रत्येक वेळी सरकारच्या मर्जीवर ठरते.

येथे आपल्याला राज्यघटनेकडे वळले पाहिजे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या हातून सिद्ध झालेल्या या घटनेतील शब्दयोजना लक्षपूर्वक वाचावी. कोणताही व्यवसाय करण्याचे आणि देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य देणारा 19 वा अनुच्छेद नागरिकांपुरता आहे. परंतु कायद्यापुढील समानतेचा 14 वा आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा 21 वा अनुच्छेद यांत ‘नागरिक’ हा शब्द नाही; तेथे ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. ज्याच्याजवळ कोणताही कागद नाही, तोही व्यक्ती आहेच. आणि जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितले ते याच मुंबईतील पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात. त्या निकालाने पदपथवासीयांची घरे वाचली नाहीत हे खरे. परंतु पोट भरण्याचे साधन हिरावणे म्हणजे जीविताला हात घालणे आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. मग आश्रय दिलेल्या माणसाला काम करण्याची परवानगी देताना ती दान म्हणून द्यावी की त्याच्या जीविताचा भाग म्हणून द्यावी? आमच्या मते याला एकच उत्तर आहे.

अर्ज घेणाऱ्याच्या टेबलावर माणसाचे आयुष्य कसे अडकून पडते, याचे उदाहरण बौद्धांच्याच इतिहासात आहे. पूर्व पाकिस्तानातील कप्ताई धरणाने आणि छळाने विस्थापित झालेले चकमा बांधव 1964 ते 1969 या काळात आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविण्यात आले. पुढे त्यांना राज्यातून निघून जाण्याच्या धमक्या आल्या, आणि त्यांनी नागरिकत्वासाठी केलेले अर्ज जिल्ह्याच्या कचेरीतून दिल्लीला पुढे पाठविलेच गेले नाहीत. 9 जानेवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, राज्याने प्रत्येक व्यक्तीच्या जीविताचे रक्षण केलेच पाहिजे, मग ती नागरिक असो वा नसो. आणि अर्ज नोंदवून घेऊन पुढे पाठविलेच पाहिजेत. तरीसुद्धा 2015 साली त्याच न्यायालयाला नागरिकत्वाचा प्रश्न तीन महिन्यांत निकालात काढा, असा हुकूम पुन्हा द्यावा लागला. अर्ज नाकारला तर दाद मागता येते. जो अर्ज पुढे सरकतच नाही, त्याच्याविरुद्ध दाद कोठे मागावी? गरिबाला मारण्याचा हा सर्वांत शांत मार्ग आहे.

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. त्या सहांत बौद्धही आहेत. यावर काही बांधव समाधान मानतात. परंतु तिबेटी माणूस बौद्ध असूनही त्यात नाही, कारण त्याचा देश त्या यादीत नाही. आणि ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळालेला रोहिंग्या मुसलमान त्यात नाही, कारण त्याचा देशही नाही आणि धर्मही नाही. धर्माच्या रकान्यावरून माणसाचे संरक्षण ठरविण्याचा अर्थ आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? 10 ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात हिंदूशिवाय अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानू नये, असे कलम होते. 1956 साली नागपूरला धर्मांतर झाले आणि त्या एका रकान्यामुळे केंद्राच्या सवलती आपल्या हातून गेल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या, परंतु केंद्राचे दार 1990 पर्यंत बंदच राहिले. चौतीस वर्षे! दारिद्र्य तेच, वस्ती तीच, शिवाशीव तीच. बदलला होता फक्त रकाना. ज्यांनी ते सोसले, त्यांनी दुसऱ्याच्या बाबतीत रकान्याचे समर्थन करू नये. निर्वासिताला एकच प्रश्न विचारला पाहिजे: परत गेलास तर तुझ्या जिवाला धोका आहे काय?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या, आमच्याच मुलांना काम नाही, तेथे परक्यांना कामाचे परवाने कशासाठी? हा आक्षेप पोटातून आलेला आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. ज्याच्याजवळ परवाना नाही तो काम करीत नाही, असे नाही. तो निम्म्या मजुरीत, तक्रार न करता काम करतो, कारण तक्रार केली तर प्रथम त्यालाच पकडतील. अशा माणसाचा उपयोग मालक सर्वांची मजुरी पाडण्यासाठी करतो. उलट ज्याच्या हाती मुदतीचा पक्का परवाना आहे, तो किमान वेतन मागू शकतो. याच गिरणगावात अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते. अधिक मजुरीचे काम त्यांच्या स्पर्शाला वर्ज्य होते. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे मांडला, तेव्हाही ‘आधी सर्वांचे भले होऊ द्या’ असे सांगणारे होतेच. कामाच्या दारावर कोणाला उभे राहू द्यावे, हे जन्मावरून ठरविण्याची प्रथा आपण एकदा नाकारली आहे. ती दुसऱ्यासाठी स्वीकारता येणार नाही.

जगातही हेच द्वंद्व चालू आहे. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने युद्ध किंवा आपत्ती यांनी पोळलेल्या देशांच्या लोकांना तात्पुरते संरक्षण देण्याची सोय केली. ते एका वेळी 6 ते 18 महिन्यांसाठी मिळते आणि कामाचा परवाना त्याच्याशी जोडलेला असतो. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळी लोकांना ते देण्यात आले. दहा वर्षे तेथे राबल्यानंतर 2025 साली ते संपविण्याचा निर्णय त्या सरकारने जाहीर केला. युरोपीय संघाने 2022 साली युक्रेनच्या लोकांना तात्पुरते संरक्षण दिले आणि त्याबरोबर काम करण्याचा हक्कही दिला. दोन्हीकडील बोध एकच: संरक्षणाबरोबर काम हवे हे सर्वांना पटले आहे, परंतु ‘तात्पुरते’ किती वर्षे तात्पुरते राहणार, याचे उत्तर कायद्याने आधी दिले नाही तर माणूस कायमचा टांगलेला राहतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. निर्वासितांविषयी संसदेने कायदा करावा. त्यात धर्माचा रकाना नसावा. अर्जाची पोच द्यावी, निर्णयाची मुदत ठरवावी, नकार दिल्यास लेखी कारण द्यावे आणि अपील ठेवावे. नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानावा. आणि ठरावीक वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाची वाट मोकळी असावी.

परंतु कायदा होईपर्यंत आपण हात जोडून बसावे काय? आपल्यापैकी बहुतेक घरांतील कोणी ना कोणी जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधत आजोबांच्या गावी गेलेले आहे. कोकणातल्या शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीसाठी रजा काढून केलेली ती वणवण आठवावी. ते ज्ञान आता दुसऱ्याच्या उपयोगी पडू द्या. शेजारच्या निर्वासिताच्या कागदाची मुदत केव्हा संपते, ते त्याच्याबरोबर बसून वाचा. मुदतीपूर्वी अर्ज करावयास लावा, पोच जपून ठेवावयास सांगा, मूळ कागद दलालाच्या हाती देऊ देऊ नका. 2018 पासून परदेशीयांचे बरेचसे अर्ज संगणकावरून होतात; महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ त्या कामासाठी द्यावी. खोली भाड्याने दिली तर परदेशी भाडेकरूची माहिती चोवीस तासांत नोंदवा. त्यात तुमचेही रक्षण आहे आणि त्याचेही. अटक झाली, किंवा स्त्री वा बालक यांच्यावर खटल्याची पाळी आली, तर 1987 च्या कायद्याने मोफत विधी साहाय्य मिळते. त्याला नागरिकत्वाची अट नाही. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक आहेत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 साली आणि पुन्हा 2016 साली मान्य केले. कित्येकांना स्वतःचा हा हक्क ठाऊक नसतो. तो त्यांना सांगा.

दीक्षा घेतल्याने आपल्यावर केवळ नवे संस्कार आले असे नाही, नवे नातेही आले. ज्याला घर नाही, देश नाही आणि ज्याचे उद्याचे जगणे एका शिक्क्यावर अवलंबून आहे, तो आपल्या नात्यातला आहे, मग तो वंदना म्हणो वा नमाज पढो. बंधू-भगिनींनो, या हिवाळ्यात परळला लोकर घेण्यासाठी थांबाल तेव्हा किमतीबरोबर त्याच्या कागदाचीही विचारपूस करा.