पिसे आधी, उड्डाण नंतर

पिसे कशासाठी, असे विचारले की 'उडण्यासाठी' असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. हे उत्तर घाईचे आहे. १८६१ साली जर्मनीत सापडलेल्या आर्किऑप्टेरिक्सला पिसे होती, तसेच पंखही होते. त्यामुळे पिसे आणि उड्डाण यांची सांगड पक्की बसली. १९९६ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातील एका जीवाश्माने ती सैल केली. सायनोसॉरोप्टेरिक्स हा सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा, जेमतेम मीटरभर लांबीचा, जमिनीवर धावणारा डायनोसॉर. हात आखूड, पंखांचा पत्ता नाही. तरी अंगावर तंतूंसारखी पिसे! २०१० मध्ये त्यांतील रंगकणांच्या अवशेषांवरून शेपटीवरचे तांबूस-पांढरे पट्टेही ओळखता आले. २०१२ मध्ये जगापुढे आलेला युटिरॅनस तर सुमारे नऊ मीटर लांबीचा. असले धूड उडेल कसे?

ऊब राखणे, पट्ट्यांनी लक्ष वेधणे, हीच पिसांची पहिली कामे असावीत, असे मला वाटते. पुढे मायक्रोरॅप्टरसारख्या लहान डायनोसॉरांच्या हातापायांवर रुंद पात्यांची पिसे आली आणि जुन्या वस्त्राला नवा उपयोग सापडला. उड्डाण झाडावरून तरंगत सुरू झाले की जमिनीवर धावता धावता, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. पिसे त्याआधीची, एवढे निश्चित.

मुलांच्या चित्रपुस्तकांत मात्र डायनोसॉर अजूनही सरसकट खवल्यांचेच रंगवतात. काहींना ते शोभते, सायनोसॉरोप्टेरिक्सला नाही.