चूल का धुमसते?

सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते आणि घरभर धूर होतो. धूर म्हणजे न जळालेले सरपणच. चुलीला खालून वारा हवा. म्हणून रोज राख काढा. आत विटांच्या तुकड्यांवर लोखंडी जाळी ठेवून तिच्यावर लाकडे रचा. वाळलेली, बारीक फोडलेली दोन-तीनच घाला. चुलीचे तोंड ठासून भरू नका. साध्या चुलीवर भांड्याखाली बोटभर फट असावी. धुराड्याच्या चुलीवर मात्र भांडे घट्ट बसवा, नाहीतर धूर वर ओढला जात नाही. धुराड्यातली काजळी वरचेवर झाडा.

थंडीत निखाऱ्यांची शेगडी पेटती ठेवून, दारे-खिडक्या लावून कधीही झोपू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. झोपेतच तो जीव घेतो.