पोरीच्या घामाला मान, मग आरामाला का नाही?

मैत्रिणींनो, परवा बचत गटाच्या बैठकीत एक वहिनी कुरकुरत होत्या. "अवो, स्पर्धा पंधरा दिवसांवर आली अन् आमची पोरगी घरी लोळूनच रायते. जिममधूनही अर्ध्या तासात वापस. म्हणे सरांनीच सांगतलं! मंग इतकी फी भरली कायले?" बाकीच्या हसल्या. मला मात्र त्या पोरीचं कौतुक वाटलं आणि तिच्या सरांचंही. कारण पॉवरलिफ्टिंगची तयारी करताना सगळ्यात अवघड धडा तोच असतो, शेवटच्या पंधरा दिवसांत काम कमी करण्याचा. आणि तो पोरीपेक्षा तिच्या घरच्यांनाच जास्त अवघड जातो.

आधी हा खेळ काय ते सांगते, कारण बऱ्याच जणींना तो कर्णम मल्लेश्वरीचा खेळ वाटतो. तिने २००० साली सिडनीत भारतीय महिलांचं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवलं ते वेटलिफ्टिंगमध्ये, म्हणजे वजन डोक्याच्या वर नेण्याच्या खेळात. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार. खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठायचं तो स्क्वॉट. बाकावर उताणं झोपून छातीपासून बार वर ढकलायचा तो बेंच प्रेस. आणि जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं तो डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन संधी. तिन्ही प्रकारांतल्या सगळ्यात चांगल्या उचलीची बेरीज म्हणजे तुमचा निकाल. एखाद्या प्रकारात तिन्ही संधी वाया गेल्या की बेरीजच होत नाही, महिन्यांची मेहनत पाण्यात!

व्यायामाचं वावडं आपल्या वऱ्हाडाला कधीच नव्हतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकाने तिकडे जाऊन कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आणि बायकांनी वजन उचलण्याचं म्हणाल, तर कपाशी वेचून गाठोडं डोक्यावर आणणारी बाई आपल्याकडे घरोघर आहे. तिला कुणी म्हणत नाही, "पोरीच्या जातीले हे शोभते काय वो?" तेच वजन लोखंडाचं झालं की शोभत नाही, ही गंमत मला अजून उलगडलेली नाही. कपड्यांचाही बाऊ करू नका. त्या अंगाबरोबरच्या पोशाखाच्या आत टी-शर्ट घालणं मुलींना नियमानेच सक्तीचं आहे.

तर मुद्दा तयारीचा. साधारण तीन-चार महिने आधीपासून सुरुवात होते. पहिल्या दीड-दोन महिन्यांत वजन बेताचं, पण आवर्तनं जास्त. एका दमात पाच, आठ वेळा. मग वजन चढत जातं आणि आवर्तनं तीनवर, दोनवर, एकावर येतात. शेवटची खरी जड डेडलिफ्ट स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधी, जड बेंच प्रेस आठवडाभर आधी. त्यानंतर वजन थोडंच उतरवतात, पण एकूण काम निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणतात. शेवटचे दोन-तीन दिवस फक्त चालणं आणि हातपाय मोकळे करणं.

असं का? कारण महिनोन् महिने कमावलेली ताकद पंधरा दिवसांत कुठे जात नाही, पण साठलेला थकवा पंधरा दिवसांत उतरतो. तोवर तो ताकदीवर पांघरूण घालून बसलेला असतो. आपल्याकडे शंकरपटाच्या बैलाला आदल्या आठवड्यात औताला जुंपणारा शेतकरी दाखवा मला! त्याला पेंड-सरकी चारतील, अंग चोळतील, सावलीत बांधतील. पोरगी मात्र दिवसा खुर्चीत बसलेली दिसली की, "बसलीच आहेस तर तेवढा गहू निवडून टाक, पाण्याचे हंडे भर, पाहुण्यांचं बघ." मुलगा कबड्डी खेळून आला तर त्याला गादी आणि दुधाचा पेला. पोरीने जिममध्ये घाम गाळलेला एव्हाना बऱ्याच घरांत चालतो, नव्हे, मिरवलाही जातो. पण तिने आराम करायचा म्हटला की तो आळस ठरतो. माझं भांडण आहे ते इथे.

दुसरं भांडण उपाशी ठेवण्याशी. हा खेळ वजनगटांत चालतो. पोरीचं वजन ५८ किलो आणि गट ५७ चा, म्हणून शेवटच्या दिवसांत जेवण तोडायचं, पाणी तोडायचं, ऊन-ऊन करून घाम काढायचा. अकोल्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढे असताना हे करणं म्हणजे चक्कर विकत घेणं! पहिल्या-दुसऱ्या स्पर्धेत तर ह्याची काहीच गरज नाही, सरळ वरच्या गटात खेळवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. अशा घरांतली पोरगी जड वजन उचलणार असेल, तर आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. भाकर, तुरीचं वरण, उसळ, शेंगदाणे, दूध-दही, चालत असेल त्यांच्याकडे अंडी. महागड्या डब्यांच्या आधी हे पोटभर मिळू द्या. आणि तयारीच्या काळात नवरात्र आलं तर नऊ दिवसांचा उपास तिच्या वाटचा आपण धरू, देवी रागावत नाही.

पाळीचंही बोलायलाच हवं. घरात पूजा असली की पाळी लांबवायची गोळी आणायची, ही सवय आपल्याला आहे. तीच गोळी स्पर्धेच्या आदल्या दिवशी डॉक्टरला न विचारता पोरीला देऊ नका. तारीख सरांना सांगायला ती लाजत असेल, तर आईने सांगावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता स्पर्धेच्या दिवसाचं गणित. समजा, पोरगी सरावात १०० किलोची डेडलिफ्ट एकदा उचलते. मग पहिली संधी ९० ला मागायची, म्हणजे सरावात तीनदा सहज उचलते तेवढीच. दुसरी ९७.५ ला. आणि तिसरी, अंगात जोर वाटला तर १०२.५. पहिल्यांदाच मोठा आकडा मागू नये, कारण एकदा मागितलेलं वजन पुढच्या संधीला कमी करता येत नाही. समोर तीन पंच असतात, त्यातल्या दोघांचे तरी पांढरे दिवे लागावे लागतात. स्क्वॉटमध्ये पुरेसं खाली न बसता उठली की कितीही वजन असो, लाल दिवा. पण प्रेक्षकांत बसलेले काका-मामा ओरडत असतात, "शंभरच लाव, शंभर!" कधीकधी शिकवणाऱ्याचाही अहंकार आडवा येतो. पहिला आकडा पोरीच्या अंगाचा असावा, कुणाच्या मिशीचा नको.

स्पर्धा दुसऱ्या गावी असेल, समजा अमरावतीची पोरगी अकोल्याला जाणार असेल, तर पहाटेच्या एसटीने धावतपळत नेण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोचवा. पण नातेवाइकांकडे उतरलात तर त्यांना आधीच सांगा, रात्री बारापर्यंत गप्पांची मैफल नको. वजन स्पर्धेच्या दोन तास आधी घेतात, त्यामुळे खाणं पिशवीत तयार ठेवा. केळी, दही-भात, गूळ-शेंगदाणे, लिंबू-साखर-मिठाचं पाणी. तेलकट कचोरी-समोसा नको, आणि तोवर न चाखलेलं नवं काही नको. नऊ उचली होईतो अख्खा दिवस जातो, मधल्या वेळेत थोडं थोडं खात राहायचं. डेडलिफ्ट सगळ्यात शेवटी असते. पेढ्यांचा डबा त्यानंतर उघडा.