शिंप्याचेच काम, दुसरे काय!

दिवाळीच्या चार दिवसांत आपण कपड्यांविषयी जितके बोलतो, तितके उरलेल्या वर्षात मिळून बोलत नाही. कोणाची पैठणी खरी आणि कोणाची नुसती जरीकाठी, जावयाला सदरा द्यावा की शर्टपीस, धाकट्याच्या अंगावर मोतिया रंग खुलतो की नाही, या चर्चेत एरवी वर्तमानपत्रातून डोके न काढणारे आजोबासुद्धा भाग घेतात. परंतु त्याच घरातली एखादी मुलगी जर म्हणाली की, कपड्यांचा विचार करणे हाच मी माझा व्यवसाय करणार, तर मात्र फराळाची ताटे बाजूला सरतात आणि सगळ्यांना कारल्याची चव आठवते.

चिकलठाण्यात आमच्या वसाहतीत नुकतेच हेच घडले. मुलीचे वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मुलीला फॅशनचे शिक्षण दिले. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात पगाराची नोकरी, नाहीतर मुंबईला जाऊन नाटक-सिनेमाच्या वेशभूषाकाराच्या हाताखाली उमेदवारी. पोरीचा ओढा दुसऱ्या वाटेकडे. वडील माझ्याकडे आले ते तावातावानेच. म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा आता तिला. एवढी फी भरली ती काय नाटकवाल्यांचे कपडे शिवायला? शिंप्याचंच काम, दुसरं काय!"

त्या गृहस्थांच्या काळजीबद्दल मला आदर आहे. पण त्यांचे ते शेवटचे वाक्य मला सोडवत नाही. कारण ते एकट्या त्यांचे नाही, ते आपल्या सबंध समाजाचे आहे. म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, शिंप्याचे काम हलके हे ठरवले कोणी? आणि तेही मराठवाड्यात? हिंगोलीजवळच्या नर्सीचे नाव ज्यांच्यामुळे जगाला ठाऊक झाले ते नामदेव महाराज शिंप्याच्या कुळातले. त्यांच्या पालखीपुढे आपण डोके ठेवतो, आणि त्यांच्या कात्रीला नाक मुरडतो! इथून दक्षिणेला पैठणचे माग आहेत, शहरात हिमरूचे विणकर आहेत. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला मोठ्या दिमाखाने हे सारे दाखवतो. पण त्या मागावर बसणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची वेळ आली की आपला अभिमान कुठे जातो, हे न बोललेलेच बरे.

दुसरी गोष्ट अशी की, वेशभूषाकाराचे काम नुसते शिवणकाम नव्हे, आणि फॅशनही नव्हे. फॅशनवाला विचारतो, येत्या हंगामात लोक काय विकत घेतील? वेशभूषाकार विचारतो, ही बाई, या दिवशी, हातात एवढेच पैसे असताना काय नेसेल? संहिता हातात आली की प्रवेशागणिक तक्ता मांडावा लागतो: कोण, कुठल्या सालात, कुठल्या वयात, सुखात की दुःखात. नायक पावसात भिजणार असेल, त्याला रक्त लागणार असेल, तर त्याच सदऱ्याचे चार जोड लागतात. नवे कोरे लुगडे दहा वर्षे वापरलेले दिसावे म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवायचे, घासायचे, कोपराशी विरवायचे. शेजारची भिंत कुठल्या रंगाची आहे, दिवा कुठून पडणार आहे, हे नेपथ्यकाराला आणि छायालेखकाला विचारायचे. आणि हे सगळे निर्मात्याने टाकलेल्या तुटपुंज्या पैशांत. ज्याला हे निव्वळ टाके घालणे वाटते, त्याला स्वयंपाक म्हणजे निव्वळ चूल पेटवणे वाटत असणार.

कपडा बोलतो, हे आपल्या थोर पुढाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. 1921 साली मदुरेला गांधीजींनी अंगावरचे कपडे उतरवून पंचा स्वीकारला, तो काही उकाडा होतो म्हणून नव्हे. आणि 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायाबापड्यांना सांगितले की लुगडे नेसण्याची रीत बदला, जातीची खूण सांगणारे ते जडशीळ दागिने टाका. एकाने सूट टाकला, दुसऱ्याने तो मुद्दाम घातला. दोघांचेही म्हणणे कपड्यांतून कोट्यवधी लोकांना कळले. गांधीजींचे आयुष्य पडद्यावर मांडायचे तर दक्षिण आफ्रिकेतल्या बॅरिस्टराच्या सुटापासून त्या पंचापर्यंतचा प्रवास कापडातच दाखवावा लागतो. रिचर्ड ॲटनबरोंच्या 'गांधी' चित्रपटासाठी तो ज्यांनी दाखवला त्या भानू अथैया. जॉन मोलो यांच्यासह त्यांना त्याबद्दल 1983 साली ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

या भानूबाई कोण? माहेरच्या राजोपाध्ये, जन्म 1929, कोल्हापूरचा. वडील चित्रकार, ते लवकर वारले. मुलगी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकली, मासिकांसाठी कपड्यांची चित्रे काढू लागली आणि 1956 च्या 'सी. आय. डी.' पासून सिनेमाच्या कपडेपटात शिरली. 'आम्रपाली' (1966) साठी कपडे करायचे तर पुरावा कुठे शोधायचा? बाई अजिंठ्याला गेल्या. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी कुणाच्या कमरेला काय गुंडाळले आहे, दासीची चोळी कशी आणि राणीची कशी, हे त्यांनी त्या भिंतींवरून वाचले. वाचकहो, ज्या अजिंठ्याकडे आपण वर्षातून एकदा शाळेची सहल नेतो आणि पुऱ्या खाऊन परततो, त्या अजिंठ्यात तिने पाठ्यपुस्तक पाहिले. चिकलठाण्याच्या मुलीला ते पुस्तक एसटीच्या तिकिटात उपलब्ध आहे.

आता आपली शरम ऐका. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 पासून दिले जात आहेत. परंतु त्यांत वेशभूषेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला तो 1984 च्या चित्रपटांपासून. म्हणजे परक्यांनी बाईंना गौरवले तेव्हा घरच्या यादीत त्या कामाचे नावसुद्धा नव्हते! पुढे 'लेकिन' आणि 'लगान' साठी त्यांना तो पुरस्कार मिळाला, हे खरे. पण 2012 साली, म्हातारपणी, त्यांनी आपली ऑस्करची बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली. आपल्यामागे ती इथे नीट राहील असा भरवसा त्यांना वाटला नाही. 2004 साली शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेलेले ज्यांना आठवते, ते बाईंना दोष देणार नाहीत. 2020 साली त्या गेल्या. चार दिवस आपण हळहळलो आणि पुन्हा मालिका पाहू लागलो.

आणि मालिकांत काय पाहतो? सतराव्या शतकातली राजमाता चमचमत्या कृत्रिम धाग्याच्या शालूत वावरते. नायलॉनचा शोध 1935 चा, हे तिला कोणी सांगत नाही. झोपेतून उठलेल्या सुनेच्या साडीची निरी मोडलेली नसते. कर्जबाजारी शेतकऱ्याचा सदरा दुकानाच्या घडीसकट येतो. नऊवारी तर आता शिवूनच मिळते, पायजम्यासारखी पाय घालून चढवायची. लग्नात हौसेने नेसणाऱ्यांविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु नाटकातली आजी ती नेसून केर काढायला वाकली की तिचे सगळे सोंग उघडे पडते. निर्मात्याला विचारावे तर तो म्हणतो, "प्रेक्षकाला कुठे कळतं?"

प्रेक्षकाला कळत नाही? बालगंधर्वांनी रंगमंचावर शालू नेसला की पुढल्या महिन्यात पुण्या-मुंबईच्या बायका तसा नेसू पाहत, तसाच गजरा माळत. एका पुरुषाकडून बायका नेसणे शिकल्या, इतके त्या काळच्या प्रेक्षकांना कळत होते. गंधर्व नाटक मंडळी कपडेपटावर पैसा ओती. व्यवहाराच्या दृष्टीने तो अतिरेक झाला, हेही मी मान्य करतो. पण त्या अतिरेकातून आपण उचलला तो धडा असा की, कपडे भाड्याने आणा, झालेच तर नटालाच घरून आणायला सांगा!

तेव्हा माझे भांडण तिघांशी आहे. या कामाला हलके म्हणणाऱ्या घरांशी आहे. कळते पण वळत नाही अशा निर्मात्यांशी आहे. आणि फॅशन शिकवतो म्हणून जाहिरातीत झगमगाट दाखवून मुलांना भुलवणाऱ्यांशीही आहे. त्या झगमगाटाच्या मागे चौदा-चौदा तास उभे राहणे आहे, इस्त्री आहे, गाठोडी वाहणे आहे, महिनोन्महिने थकणारे बिल आहे. हे न सांगता मुलीला मुंबईला धाडणे हा गुन्हाच.

म्हणून त्या वडिलांना मी दोन गोष्टी सांगितल्या आणि मुलीला तीन. वडिलांना म्हणालो, तिला दोन वर्षे द्या. मुलगा स्पर्धापरीक्षेला बसला असता तर चार दिली असती. आणि शिंप्याचे काम म्हणू नका, किंवा म्हणायचेच तर मान ताठ ठेवून म्हणा. मुलीला म्हणालो, आधी कापणे-बेतणे इतके पक्के कर की कारखान्याची नोकरी केव्हाही मिळेल. कामाचे पैसे आणि श्रेयनामावलीतले नाव ही दोन्ही कागदावर लिहून घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवू नकोस. आणि निघण्यापूर्वी दोन ठिकाणी वही घेऊन बस: एक अजिंठ्याला, आणि दुसरे तुझ्या वडिलांच्या कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटण्याच्या वेळी. कायम कामगाराचा गणवेश आणि कंत्राटी मजुराचा शर्ट यांत काय फरक असतो, कोणाची कॉलर कुठे विरते, डबा कोणाच्या कुठल्या हाताला असतो, ते उतरवून आण.

मुलगी उठून गेली. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी आपल्या गणवेशाची बाही पुढे धरली. कोपराजवळ एक रफू होते, इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळले नसते.

"हे तिनंच केलंय," ते म्हणाले. "सुपरवायझरलाही दिसलं नाही."

मग मी म्हणालो, "आता तुम्हीच सांगा."