गोंड मुलावरची मराठीसक्ती कुणाला दिसते?

2025 साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय आला आणि महाराष्ट्र खवळला. सहा वर्षांच्या लेकरावर नको ती भाषा लादू नका, असे साहित्यिक म्हणाले, शिक्षणतज्ज्ञ म्हणाले, राजकीय पक्षही म्हणाले. जूनअखेर सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. मी त्या विरोधाच्या बाजूने होतो, आजही आहे. पण हाच युक्तिवाद भामरागडच्या किंवा धडगावच्या मुलाला लावून पाहा. त्याच्या घरात माडिया किंवा भिली बोलली जाते. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून मराठी. तीही जादा विषय म्हणून नव्हे, एकमेव माध्यम म्हणून. ही सक्ती नाही तर काय आहे?

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. बी.एड.ला आमच्याकडून एक सूत्र घोकून घेतले होते : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. गोंड मुलाला ज्ञात काय असते? त्याच्या घरी पाण्याला 'येर' म्हणतात. गोंडी ही द्राविडी कुळातली, तेलुगूच्या गोतातली भाषा. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. म्हणजे 'पाणी'पासून 'परिसर अभ्यास'पर्यंत त्या मुलाला सगळेच अज्ञात. ते गप्प बसते. आपण त्याला लाजाळू म्हणतो, मग मठ्ठ म्हणतो. शेवटी ते शाळा सोडते आणि अहवालात त्याची नोंद 'गळती' अशी होते. जणू कुठला तरी नळ नादुरुस्त होता!

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता 82.3 टक्के, तर राज्यातल्या अनुसूचित जमातींची 65.7 टक्के. गरिबी, कुपोषण, पोटासाठीचे स्थलांतर ही कारणे आहेतच, ती कुणी नाकारत नाही. पण भाषेचे कारण आपण मोजतसुद्धा नाही. आणि हे अंतर शाळेत संपत नाही. वनहक्काच्या दाव्याचे कागद मराठीत, सातबारा मराठीत, ठेकेदाराचा हिशेब त्याच्या स्वतःच्या वहीत. ज्याला वाचता येत नाही त्याची मजुरी कापली जाते आणि तो अंगठा उठवून घरी जातो. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज ट्रक भरभरून बाहेर जाते. त्या खाणीवर साहेब कोण होणार आणि हमाल कोण, हे बरेचसे पहिलीच्या वर्गातच ठरून गेलेले असते.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती नोटीस. शिक्षण हक्क कायद्याकडे बोट दाखवून शिक्षण खात्याने शाळा अनधिकृत ठरवली. गंमत अशी, की 2009 च्या त्याच कायद्याचे कलम 29 सांगते : शक्य असेल तिथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषाच असावे. संविधानाचे कलम 350 अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगते. कलम 30 धार्मिक अल्पसंख्याकांइतकेच भाषिक अल्पसंख्याकांनाही आपल्या शाळा काढण्याचा हक्क देते. मग नेमके बेकायदा कोण वागले, गाव की खाते?

लोक म्हणतात, गोंडीला लिपी कुठे आहे? आहे, मसराम आणि गुंजाळा अशा दोन लिप्या आहेत, आणि देवनागरीतही ती लिहिता येते. मराठी शतकानुशतके मोडीत लिहिली गेली, पुढे मोडी मागे पडली. म्हणून मराठी भाषा उरली नाही, असे कुणी म्हटले का? दुसरा आक्षेप : बोलणारे किती? 2011 साली देशात गोंडी बोलणारे 29 लाखांहून अधिक, भिली बोलणारे एक कोटीहून अधिक, आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे 25 हजारांहून कमी. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे. गोंडी आणि भिली नाहीत. संस्कृत काढा असे मी म्हणत नाही. पण डोक्यांचा हिशेब फक्त आदिवासींकडेच का मागायचा? तिसरा आक्षेप म्हणजे मुले मागे पडतील. अहो, ती आजच मागे आहेत! आईच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल मराठी आणि इंग्रजी लवकर उचलते, हे आम्ही शिक्षक वर्गात पाहतो.

आता थोडे आपल्या लोकांशी. महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे 75 लाख आहेत. आपल्या शाळांत शिक्षक कमी आहेत, इमारती मोडक्या आहेत, आणि त्यासाठी आपण भांडतो ते रास्तच आहे. पण निदान उर्दू शाळा आहे. बालभारती उर्दूत पुस्तके छापते. गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधीतही छापते. त्या माध्यमांच्या यादीत गोंडी नाही, भिली नाही, कोरकू नाही. 'मादरी जबान' हा शब्द आपण सभांमध्ये डोळ्यांत पाणी आणून उच्चारतो. तो हक्क फक्त आपल्या आईच्या जबानपुरता असेल, तर तो हक्क नव्हे, स्वार्थ आहे. आणि आदिवासी म्हणजे कुणी दुसरे, असेही समजू नका. जळगावच्या सातपुड्यातले तडवी भिल्ल आदिवासीही आहेत आणि मुसलमानही.

मागणी साधी आहे. मोहगावसारख्या शाळांना मान्यता द्या. निदान चौथीपर्यंत गोंडी, माडिया, भिली, कोरकूत पुस्तके काढा. त्या भाषा येणारे तरुण शिक्षक म्हणून नेमा. त्याच गावांत ते बेकार बसले आहेत. मराठी तिथेही शिकवा, चांगली शिकवा, पण मुलाच्या भाषेचा हात धरून शिकवा. आपल्या लेकरासाठी जो न्याय जूनमध्ये मागितला, तोच गोंडाच्या लेकरासाठी मागायला मराठी माणसाची जीभ का अडखळते?